वॉलपेपरचा साठा मोठा आणि लिनक्स डेस्कटॉप हळू: घोडं नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

मला वॉलपेपर साठवायचा नाद आहे. डोंगर, तारे, जुने नकाशे, जहाजं, काय वाटेल ते. फोल्डरातल्या चित्रांचा आकडा पाच अंकी होऊन बरीच वर्षं झाली, आणि मशीन मात्र साधंच आहे. त्यामुळे "कशाला एवढी चित्रं, उडवून टाका" हा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. त्याची गरजही नाही. दहा हजार चित्रं डिस्कवर नुसती पडून असली तर मशीन तसूभरही हळू होत नाही. पडलेली फाइल जागा खाते, वेळ खात नाही. वेळ जातो तो कुणीतरी ती उघडतं तेव्हा. फाइल मॅनेजर थंबनेल (यादीत दिसणारं छोटं चित्र) बनवायला उघडतो, इंडेक्सर (फाइली पटकन सापडाव्यात म्हणून यादी ठेवणारा प्रोग्राम) नोंद करायला उघडतो, स्लाइडशो पडद्यावर टाकायला उघडतो. यातलं बरंचसं आपल्याला न विचारता होतं. तेव्हा शोधायचं ते एवढंच, की आपला साठा कुणाकुणाच्या नजरेस पडतोय.

आधी थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फाइल मॅनेजर दाखवतो तो आकडा दाबून ठेवलेल्या चित्राचा. पडद्यावर आणायचं तर ते पूर्ण उलगडावं लागतं, आणि तेव्हा दर पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. ३८४० गुणिले २१६० म्हणजे फोर-केचं चित्र मेमरीत ३३ एमबी घेतं, मग डिस्कवर ते २ एमबीचं असो की १२ एमबीचं. एट-के झालं की १३३ एमबी. १२,००० गुणिले ८,००० चा फोटो असेल तर ३८४ एमबी. हबल दुर्बिणीने टिपलेलं देवयानी दीर्घिकेचं २०१५ सालचं प्रसिद्ध चित्र मूळ आकारात ६९,५३६ गुणिले २२,२३० पिक्सेलचं आहे. ते उलगडायला ६ जीबीच्या वर मेमरी हवी. (जेपीईजीत ते मूळ आकारात मावतही नाही, कारण त्या फॉर्मॅटला एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलची मर्यादा आहे.) आपला पडदा १९२० गुणिले १०८० चा असेल तर त्याला दिसायला ८ एमबीच पुरतात. बाकीचं सगळं वाया.

आता निदान. लोक इथे आधी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलतात, मग कर्नल (लिनक्सचा गाभा), मग अख्खा डिस्ट्रो, म्हणजे उबुंटूसारखी लिनक्सची आवृत्ती. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यापेक्षा मशीन नेमकं कधी अडखळतं ते एक-दोन दिवस बघा. लॉगिन केल्यावर डेस्कटॉप यायला उशीर होतो, की वॉलपेपरचं फोल्डर उघडल्यावर? वॉलपेपर बदलायची खिडकी उघडताना सगळं गोठतं, की दर काही मिनिटांनी माउस क्षणभर अडकतो? की काहीच न करता पंखा फिरत राहतो? या प्रत्येकाचा गुन्हेगार वेगळा असतो.

अडखळणं चालू असतानाच टर्मिनलमध्ये टॉप ही कमांड चालवा, ती चालू प्रोग्रामांची यादी दाखवते. एचटॉप असेल तर उत्तम, दिसायला सोपं. टॉपमध्ये शिफ्ट-पी दाबलं की सीपीयू खाणारे वर येतात, शिफ्ट-एम दाबलं की मेमरी खाणारे. वर दिसणाऱ्या नावावरून निम्मं काम होतं. नावं डेस्कटॉपनुसार बदलतात; गनोम, केडीई (त्याचा डेस्कटॉप म्हणजे प्लाझ्मा) आणि एक्सएफसीई हे लिनक्सवरचे वेगवेगळे डेस्कटॉप. टंबलर-डी असेल तर थंबनेलचं काम चाललंय, हे एक्सएफसीईवर दिसतं. ट्रॅकर-माइनर किंवा नव्या गनोमवर लोकलसर्च दिसलं तर इंडेक्सिंग चालू आहे. गनोम ४७ पासून ट्रॅकरचं नाव लोकलसर्च झालं, प्राणी तोच. केडीईवर त्याच जागी बालू-फाइल आणि बालू-फाइल-एक्स्ट्रॅक्टर असतात. आणि प्लाझ्माशेल, गनोम-शेल किंवा एक्सएफडेस्कटॉप स्वतःच वर असेल तर संशय स्लाइडशोवर किंवा सध्या लावलेल्या चित्रावर घ्या.

सीपीयू शांत आहे आणि तरी मशीन अडकलंय असंही होतं. मग टॉपच्या वरच्या ओळीतला डब्ल्यू-ए हा आकडा बघा. तो २०-३० च्या पुढे सारखा राहत असेल तर सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय. आयओटॉप रूट (मशीनचा सर्वाधिकारी) म्हणून चालवलं की डिस्क कोण कुरतडतंय ते नावानिशी कळतं. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असेल तर हे हमखास सापडतं, कारण हजारो छोट्या फाइली वाचताना डिस्कचा हात इकडून तिकडे पळत राहतो. एखाद्या प्रोसेसच्या स्थितीच्या रकान्यात डी हे अक्षर सारखं दिसत असेल आणि साठा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर किंवा नेटवर्कवर असेल, तर फार खोलात जाऊच नका. झोपलेली डिस्क जागी व्हायला काही सेकंद घेते आणि डेस्कटॉप तेवढा वेळ ताटकळतो. सध्या लावलेलं चित्र आतल्या डिस्कवर कॉपी करून तिथून लावा, प्रश्न संपला.

संशय खरा की नाही हे ठरवायची एक साधी कसोटी आहे. वॉलपेपर काढून साधा रंग लावा, स्लाइडशो बंद करा, अर्धा दिवस नेहमीचं काम करा. फरक पडला तर चित्र किंवा स्लाइडशो. नाही पडला तर थंबनेल किंवा इंडेक्सर. साठ्याचं फोल्डर हलवून बघायचा मोह होतो, पण ते शेवटी करा. एकाच पार्टिशनवर हलवणं क्षणात होतं हे खरं, मात्र इंडेक्सरच्या लेखी त्या सगळ्या फाइलींचा पत्ता बदलतो, आणि थंबनेलची तर सगळी मेहनत पाण्यात जाते. का ते पुढे येतं.

थंबनेल

बहुतेक डेस्कटॉपवर थंबनेल एकाच ठिकाणी ठेवली जातात: होम फोल्डरातल्या लपलेल्या डॉट-कॅशमध्ये, थंबनेल्स नावाच्या फोल्डरात. कंट्रोल-एच दाबलं की लपलेलं दिसतं. आत नॉर्मल, लार्ज, एक्स-लार्ज, डबल-एक्स-लार्ज असे कप्पे असतात, अनुक्रमे १२८, २५६, ५१२ आणि १०२४ पिक्सेलचे. शिवाय फेल नावाचा एक कप्पा, ज्यात न जमलेल्या फाइलींची नोंद असते, म्हणजे पुन्हा पुन्हा डोकं आपटायला नको. प्रत्येक थंबनेलचं नाव म्हणजे मूळ फाइलच्या पूर्ण पत्त्याचा एमडी-५, म्हणजे त्या पत्त्यावरून गणिताने काढलेला ठसा. पत्त्यातलं एक अक्षर बदललं की एमडी-५ बदलतो. म्हणून फोल्डरचं नाव नुसतं "वॉलपेपर्स-जुने" केलं तरी आतल्या सगळ्या चित्रांची थंबनेल अनाथ होतात आणि नवी पहिल्यापासून बनतात. वर्षभर फोल्डरं लावत बसणाऱ्याच्या कॅशमध्ये अशा अनाथांचाच भरणा असतो.

डीयू कमांडला एस आणि एच हे पर्याय देऊन त्या फोल्डरचा आकार बघा. गनोमची गंमत इथेच कळते. गनोम ही कॅश मधूनमधून स्वतः झाडतो: १८० दिवसांपेक्षा जुनी थंबनेल जातात, आणि एकूण आकार ५१२ एमबीच्या वर गेला तर जास्तीची जातात. सामान्य माणसाला हे पुष्कळ झालं. पण जास्त घनतेच्या पडद्यावर ५१२ पिक्सेलची थंबनेल लागतात, आणि फोटोचं असं एक थंबनेल दोन-अडीचशे केबीचं सहज होतं. म्हणजे दोन-अडीच हजार चित्रांतच कोटा भरला. साठा दहा हजारांचा असेल तर मशीन थंबनेल बनवतं, झाडतं, तुम्ही फोल्डर उघडलं की पुन्हा बनवतं, पुन्हा झाडतं. हे चक्र बाहेरून दिसत नाही, फक्त फोल्डर दर वेळी पहिल्यांदाच उघडल्यासारखं रेंगाळतं. डीकॉन्फ एडिटरमध्ये (गनोमच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचा प्रोग्राम) ऑर्ग, गनोम, डेस्कटॉप, थंबनेल-कॅश असं आत गेलं की कमाल आकार आणि कमाल वय हे दोन आकडे सापडतील. डिस्कवर जागा असेल तर आकार २०४८ करा. उणे एक टाकलं तर मर्यादाच उठते, पण मी तसं करत नाही.

फाइल मॅनेजरमध्ये ठरावीक आकाराच्या वरच्या फाइलींची थंबनेल बनवू नको असं सांगायची सोय असते. थुनार, नेमो, डॉल्फिन, सगळीकडे प्रेफरन्सेसमध्ये बघा. पण ही मर्यादा फाइलच्या आकाराची आहे, पिक्सेलची नाही, हे लक्षात ठेवा. सपाट रंगाचं अवाढव्य पीएनजी डिस्कवर फक्त ३ एमबीचं असतं आणि या चाळणीतून बिनबोभाट निसटतं.

असाच एक नमुना एका मित्राच्या मशीनवर पाहिला होता. एक्सएफसीई, ४ जीबी रॅम. एका ठरावीक फोल्डरात शिरलं की दोन-तीन मिनिटं माउससुद्धा हलायचा नाही. टॉप लावून बसलो. टंबलर-डी सगळ्यात वर, सीपीयूच्या रकान्यात ९९, आणि मेमरीचा आकडा चढतोय: ३०० एमबी, ७००, १,१००, मग स्वॅप (रॅम संपली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरायला सुरुवात. अचानक ती ओळ नाहीशी झाली. कर्नलने मेमरी संपली म्हणून तिला मारलं होतं; डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, तशी स्पष्ट नोंद होती. काही क्षणांत टंबलर-डी नव्या क्रमांकाने परत वर, आणि पुन्हा तोच चढ. फोल्डरात ३०,००० गुणिले १०,००० पिक्सेलचं एक पीएनजी निघालं, उलगडलं की १.२ जीबी, आणि लहान करताना लागणारी जागा वेगळी. फेल कप्प्यात त्याची नोंद का नाही? कारण नोंद करायच्या आधीच प्रोसेस मरत होती. ते एक चित्र बाहेर काढलं आणि बाकीची चारेकशे चित्रं सुरळीत दिसायला लागली. तेव्हा हजारो फाइलींना दोष देण्याआधी अशी एकदोन राक्षसं आहेत का ते बघा. इमेजमॅजिक या चित्रांवरच्या कमांडांच्या संचातलं आयडेंटिफाय प्रत्येक फाइलची लांबी-रुंदी सांगतं. पिंग हा पर्याय दिला तर चित्र पूर्ण न उलगडता सांगतं, म्हणून तो द्याच.

पीएनजीचा उल्लेख दोनदा आला तो उगाच नाही. जेपीईजीचं थंबनेल स्वस्तात होतं, कारण ते उलगडतानाच अर्ध्या, पाव किंवा एक-अष्टमांश आकारात उलगडता येतं. पीएनजीला ती सोय नाही. ते आधी पूर्ण उलगडायचं, मग लहान करायचं. म्हणून फोटोंची पीएनजी असतील तर ती ९० च्या आसपासच्या दर्जाची जेपीईजी करून ठेवा. डोळ्याला फरक कळत नाही, आणि डिस्कवरची जागाही कितीतरी पटीने कमी होते. सपाट रंगांची चित्रं, पिक्सेल आर्ट, अक्षरं असलेली चित्रं मात्र पीएनजीच राहू द्या, जेपीईजीत त्यांच्या कडांना घाण येते.

इंडेक्सर

वॉलपेपर पिक्चर्स फोल्डरात असतील तर गनोमचा इंडेक्सर त्यांची नोंद घेणारच. चित्राची मापं, कॅमेऱ्याची माहिती, तारीख, सगळं. वॉलपेपर शोधताना ही माहिती कधी कुणी वापरलेली मी पाहिली नाही. उपाय अगदी सोपा: साठ्याच्या फोल्डरात डॉट-ट्रॅकरइग्नोर नावाची रिकामी फाइल ठेवा. सगळी अक्षरं लहान लिपीतली, सुरुवातीला टिंब, मध्ये जागा नाही. तेवढ्याने इंडेक्सर त्या फोल्डरकडे आणि त्याच्या आतल्यांकडे पाठ फिरवतो. डॉट-नोमीडिया नावाची फाइलही चालते. इंडेक्सर मुळापासून काढून टाकायचे सल्ले देणारे भेटतील; तसं केलं की फाइल शोधण्याची चांगली सोय जाते आणि पुढच्या अपडेटला पॅकेजांचा गुंता होतो.

केडीईवर सिस्टिम सेटिंग्ज, सर्च, फाइल सर्च या वाटेने जाऊन ते फोल्डर वगळा. बालू अडकून पडलाय असं वाटलं तर बालूकंट्रोलला स्टेटस विचारा, किती फाइली बाकी आहेत ते तो सांगतो. प्लाझ्मा ६ वर त्या कमांडच्या शेवटी ६ लागतो. आकडा तासभर एकाच जागी असेल तर पर्ज देऊन यादी कोरी करता येते. पण वगळणं आधी आणि पर्ज नंतर, नाहीतर तोच ढीग पुन्हा वाचला जाईल.

लोकेट वापरत असाल तर त्याची यादी बनवणारं अपडेटडीबी फक्त नावं वाचतं, चित्रं उघडत नाही. त्याला सोडून द्या.

स्लाइडशो आणि वॉलपेपरची खिडकी

दर दहा सेकंदांनी चित्र बदलणारे लोक आहेत. असोत. पण दर बदलाला एक पूर्ण चित्र उलगडलं जातं, पडद्याच्या मापाचं केलं जातं, आणि जुनं विरून नवं उमटतं तेव्हा क्षणभर दोन्ही मेमरीत असतात. दोन मॉनिटरवर वेगवेगळी चित्रं असतील तर हे दुप्पट. जुन्या मशीनवर अर्ध्या तासाच्या आत चित्र बदलू नये हे माझं मत. खिडक्यांखाली झाकलेलं चित्र तसंही दिसत नाही.

प्लाझ्माच्या स्लाइडशोला फोल्डर दिलं की तो त्यातली उपफोल्डरंही पिंजून काढतो. सगळ्या साठ्याच्या मुळाशी बोट दाखवलं असेल तर लॉगिनच्या वेळचा उशीर बऱ्याचदा तिथलाच. एक्सएफसीईची तऱ्हा वेगळी: वॉलपेपर निवडायची खिडकी सध्याचं चित्र ज्या फोल्डरात आहे त्यातली सगळी चित्रं दाखवायला जाते. ती उघडताना सगळं गोठत असेल तर सध्याचं चित्र एखाद्या छोट्या फोल्डरात कॉपी करून तिथून लावा, फरक लगेच कळेल. गनोमच्या सेटिंग्जमधून "चित्र जोडा" केलं तर त्याची एक प्रत होममधल्या डॉट-लोकल, शेअर, बॅकग्राउंड्समध्ये जाऊन बसते. दर दोन दिवसांनी नवं चित्र जोडणाऱ्याने ते फोल्डर कधीतरी उघडून बघावं.

आणि चित्रं थेट डेस्कटॉप फोल्डरात टाकत असाल तर आधी ती तिथून हलवा. तिथली प्रत्येक फाइल म्हणजे पडद्यावर सतत काढून ठेवलेला एक आयकॉन.

कोठार आणि फिरती

यावर माझा कायमचा तोडगा म्हणजे दोन फोल्डरं. एक कोठार, ज्यात सगळं मूळ मापात राहतं; ते पिक्चर्सच्या बाहेर, जमलं तर वेगळ्या पार्टिशनवर, इंडेक्सरला वर्ज्य. दुसरं फिरती, ज्यात पन्नासेक चित्रं, पडद्याच्या मापाला आणलेली. डेस्कटॉपला, स्लाइडशोला, सेटिंग्जच्या खिडकीला फक्त फिरती दाखवायचं. व्हरायटीसारखा वॉलपेपर बदलणारा प्रोग्राम वापरत असाल तर त्यालाही तेच फोल्डर द्या, आणि तो नेटवरून चित्रं उतरवत असेल तर उतरवलेल्यांच्या फोल्डरला आकाराची मर्यादा घाला. ती सोय त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये आहे.

फिरती भरायचं काम एका ओळीत होतं. फाइंडने कोठारातली चित्रं शोधायची, शफला एन ५० सांगून त्यातली पन्नास उचलायची, आणि एक्सआर्ग्समार्फत ती लहान करायला इमेजमॅजिकच्याच मॉग्रिफायकडे द्यायची. चित्रांच्या नावांत जागा असतात, नेटवरून आलेल्यांत तर नक्कीच. म्हणून फाइंडला प्रिंट-शून्य, शफला झेड आणि एक्सआर्ग्सला शून्य हे पर्याय द्या, नाहीतर एका नावाचे चार तुकडे होऊन कमांड रडत बसते. फाइंडऐवजी तारांकन वापरून सगळी नावं एकदम द्यायला गेलात तर मोठ्या साठ्यावर "आर्ग्युमेंटांची यादी फार लांब" अशी तक्रार येईल. ती डिस्कची किंवा चित्रांची नाही. कमांडला एका वेळी किती मजकूर देता येतो त्याची मर्यादा आहे.

मॉग्रिफायच्या बाबतीत दोन गोष्टी काटेकोर पाळा. पाथ पर्याय देऊन फिरतीचं फोल्डर दाखवा. तो दिला नाही तर मॉग्रिफाय मूळ चित्रावरच लिहितो, आणि लहान झालेलं चित्र परत मोठं होत नाही. दुसरं, रिसाइझला माप देताना शेवटी "पेक्षा मोठं" ही खूण लावा, म्हणजे मोठी चित्रं लहान होतील पण लहान चित्रं ताणली जाणार नाहीत. ते अख्खं माप अवतरणचिन्हांत हवं. नाहीतर शेलला ती खूण "हे फाइलमध्ये लिही" अशी वाटते. रिसाइझमध्ये चित्राचं प्रमाण राखलं जातं, त्यामुळे उभी चित्रं अरुंद होतील. ती फिरतीत नकोच असतील तर आयडेंटिफायने आधीच गाळा. ही ओळ एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकून आठवड्यातून एकदा क्रॉनने किंवा सिस्टिमडीच्या यूजर टाइमरने (दोन्ही ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवतात) चालवा. आधी फिरती रिकामं करायचं, मग भरायचं.

राक्षसी चित्रांवर इमेजमॅजिक "कॅशची साधनं संपली" म्हणून हात वर करतो, विशेषतः डेबियन आणि उबुंटूवर, जिथे त्याच्या पॉलिसी फाइलमध्ये मेमरीच्या आणि मापाच्या मर्यादा घालून दिलेल्या असतात. ती फाइल बदलायच्या भानगडीत न पडता विप्सथंबनेल वापरा. ते चित्र तुकड्या-तुकड्याने वाचतं, म्हणून कमी मेमरीत भागतं.

दुबार चित्रांसाठी एफडूप्स पुरेसं आहे, आर पर्याय दिला की उपफोल्डरांतही बघतं. पण ते बाइट न् बाइट सारख्या फाइलीच पकडतं. एकच चित्र दोन मापांत असेल तर त्याला ती दोन वेगळी वाटतात. त्यासाठी च्काव्का किंवा डिजिकॅममधला सारखी चित्रं शोधायचा भाग वापरा. पुसायचं बटण दाबण्याआधी जोड्या डोळ्यांनी बघा. एकाच जागेवरून तासाच्या अंतराने काढलेले दोन सूर्यास्त हे प्रोग्राम खुशाल एकच समजतात.

हे सगळं करूनही कोठाराचं मुख्य फोल्डर उघडताना रेंगाळत असेल तर एलएसला एल आणि डी पर्याय देऊन खुद्द फोल्डरचा आकार बघा. एक्सटी-४ वर (लिनक्सची डिस्कवर फाइली मांडायची नेहमीची पद्धत) फोल्डर भरताना वाढतं, पण फाइली काढल्यावर आकसत नाही. कधीकाळी एकाच फोल्डरात लाखभर फाइली असतील आणि आता पाचशेच उरल्या असतील, तरी यादी वाचताना डिस्क तेवढाच मोठा फोल्डर चाळते. नवं फोल्डर बनवा, फाइली त्यात हलवा, जुनं रिकामं फोल्डर पुसा. थंबनेलच्या कॅशलाही हेच लागू: आतल्या फाइली पुसण्यापेक्षा कप्प्यांसकट पुसा, डेस्कटॉप ते नव्याने बनवतो. आणि कोठार वेगळं, फिरती छोटी, इंडेक्सर गप्प, साधा रंग लावलेला, तरीही डब्ल्यू-ए चा आकडा चढाच असेल, तर वॉलपेपरना क्लीन चिट देऊन स्मार्टकंट्रोलने डिस्कची तब्येत तपासा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयित तुकड्यांचा, आकडा शून्याच्या वर दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या.